आईचे फोटो 'त्यागमूर्ती'च का दिसतात?

प्रश्न: ताई, मी वर्षभर आईचे घरकाम करतानाचे फोटो काढतेय. तिला न कळत, खिडकीच्या उजेडात. तेच तेच काम रोज करून बाई कशी दमते हे मला दाखवायचं होतं, पण ज्यांना ज्यांना फोटो दाखवले ते सगळे म्हणाले, 'किती सुंदर, अगदी त्यागमूर्ती!' आता मलाही तसंच दिसायला लागलंय. माझं कुठे चुकतंय?

उत्तर: तुझ्या पत्रातले 'न कळत' हे दोन शब्द मी परत परत वाचले, मला वाटतं गोम तिथेच आहे. मान खाली, मऊ उजेड, कॅमेरा आहे हे तिला माहीतही नाही, मग बघणाऱ्याला तिच्याबद्दल काहीही ठरवायला मोकळं रान मिळतं आणि आईचं जे चित्र लोकांच्या डोक्यात आधीच तयार असतं ते अलगद तिथे येऊन बसतं.

कॅरी मे वीम्स या अमेरिकन फोटोग्राफरची १९९० सालची 'किचन टेबल सीरिज' शोधून बघच. २० फोटो आणि सोबत मजकुराचे १४ पॅनेल, प्रत्येक फोटोत तेच टेबल, वर लटकणारा तोच दिवा, आणि टेबलाशी बसलेली बाई म्हणजे वीम्स स्वतःच. कधी सोबत पुरुष, कधी मैत्रिणी, कधी मुलगी, कधी कोणीच नाही. एका फोटोत ती आरशात बघून लिपस्टिक लावतेय आणि शेजारी छोटी मुलगी आपला वेगळा आरसा घेऊन हुबेहूब तेच करतेय. कोणी मुद्दाम न शिकवताही बाईपण कसं उचललं जातं हे इतकं स्पष्ट मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. आणि एका फोटोत ती टेबलावर हात टेकवून उभी आहे, सरळ आपल्याकडे बघत. तिला त्यागमूर्ती म्हणायची कोणाची छाती होणार नाही बघ!

हे सगळे ठरवून, मांडून काढलेले फोटो आहेत. तुला कदाचित वाटेल की मग ते खोटे झाले, मलाही आधी तसंच वाटायचं. पण गृहिणी, आई, सून या भूमिकाच मुळात रोज वठवल्या जातात ना, मग त्या वठवून दाखवल्या की उलट जास्त नीट दिसतात. सिंडी शर्मन या अमेरिकन फोटोग्राफरने १९७७ ते १९८० मध्ये हेच केलं, कधी न बनलेल्या सिनेमांतल्या बायका स्वतः होऊन स्वतःचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढले. आपल्याकडे चित्रकार-फोटोग्राफर पुष्पमाला एन. यांनी फोटोग्राफर क्लेअर आर्नी यांच्यासोबत २००० ते २००४ मध्ये राजा रविवर्म्याच्या छापील चित्रातली लक्ष्मीसुद्धा स्वतः होऊन दाखवली. आणि इराणच्या शादी गदीरियनने तर चेहराच काढून टाकला, २०००-०१ च्या तिच्या फोटोंत फुलाफुलांच्या चादोरमध्ये, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत अंग झाकणाऱ्या इराणी वस्त्रात, गुंडाळलेली बाई आहे आणि चेहऱ्याच्या जागी इस्त्री, झाडू नाहीतर रबरी हातमोजा. बघताना हसू येतं आणि मग एकदम पोटात खड्डा पडतो.

तू लगेच एवढं सगळं करायला जाऊ नकोस. कॅमेरा ट्रायपॉडवर एकाच जागी लाव, महिनाभर हलवू नकोस, आणि रिमोट आईच्या हातात दे, फोटो कधी निघेल ते ती ठरवेल. कदाचित ती काम करताना काढणारच नाही, नुसती बसलेली असताना काढेल, तेही चालेल. मग ते सगळे फोटो लहान साइजमध्ये प्रिंट करून शेजारी शेजारी चिकटव, ते 'तेच तेच' तू म्हणतेस ना, ते एका सुंदर फोटोत येणारच नाही, त्याला तीस फोटो लागतात.

आणि वर्षभराचे हे फोटो आईला दाखवलेस का गं? पत्रात त्याबद्दल एक शब्दही नाही. आधी तिच्यासमोर ठेव, आणि ती जे नको म्हणेल ते बाजूला काढ, तुला कितीही आवडलेले असले तरी.