नव्या घराचा रस्ता बाबांना का चुकतो?

प्रश्न : बाबा ७२ वर्षांचे आहेत. दादरची जुनी जागा सोडून सहा महिन्यांपूर्वी आम्ही ठाण्यात आलो. नेहमीच्या वाटेने बाजारात जाऊन ते बिनचूक परततात; पण रस्ता खोदलेला असला आणि मागच्या गल्लीतून यावं लागलं, की चुकतात. ही डिमेन्शियाची सुरुवात समजायची का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : एवढ्यावरून नाही. रस्ता लक्षात राहतो तो दोन तऱ्हांनी. एक, वळणांची साखळी : मेडिकलपाशी डावीकडे, मग देवळापाशी उजवीकडे. दुसरा मनातला नकाशा, ज्याच्या जोरावर आडवाटेनेही घर सापडतं. वयानुसार आधी ढिला पडतो तो हा नकाशा. तो जुळवण्यात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा मोठा वाटा असतो आणि उतारवयात हा भाग हळूहळू आकसतो. दादर बाबांना तोंडपाठ असणार. तो नकाशा तरुणपणीच पक्का झालाय.

खरी गोची परतीची असते. जाताना पाहिलेली गल्ली उलट दिशेने वेगळीच दिसते. म्हणून जाताना प्रत्येक वळणावर थांबून मागे वळून बघायचं आणि येताना दिसेल ती खूण मोठ्याने बोलायची. खूण हलणारी नको. पाण्याची टाकी चालेल, भाजीची हातगाडी नाही. घरी आल्यावर त्यांना कागदावर नकाशा काढू द्या. चुकला तरी तुम्ही खोडू नका, दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन त्यांनाच दुरुस्त करू दे. मोबाइलचा नकाशा निघण्याआधी बघावा. चालताना त्याच्या ‘डावीकडे वळा’वर विसंबलं, तर वाट डोक्यात उतरतच नाही.

चालण्याचा फायदा आहेच. अमेरिकेत १२० ज्येष्ठांवर झालेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्याला तीनदा ४० मिनिटं भरभर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस वर्षभरात सुमारे २ टक्के वाढला. फक्त अंग ताणण्याचे (स्ट्रेचिंगचे) व्यायाम करणाऱ्यांचा घटला. एका अभ्यासावर इमले बांधू नयेत, पण १० मिनिटांपासून सुरुवात करायला काय हरकत आहे?

ओळखीच्या रस्त्यावरच चुकू लागले, चुकल्याचं भानच राहिलं नाही किंवा पैशांच्या हिशेबातही घोळ व्हायला लागला, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. बी-१२, थायरॉइड, मोतीबिंदू आणि ऐकू येणं, सगळंच तपासून घ्या. चालू गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही असा गोंधळ होतो. आणि हा गोंधळ एका दिवसात अचानक उद्भवला, तर वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.