ऑनलाइन जाहिरातीतील जुनी गाडी खरोखर सांगितली तितकीच चालली आहे, हे कसे ओळखावे?

केवळ छायाचित्रांवरून ते ओळखता येत नाही. मीटर डिजिटल असले तरी त्यावरील आकडा सॉफ्टवेअरने मागे नेता येतो, म्हणून त्याची पडताळणी गाडीच्या इतर खुणांशीच करावी लागते. सर्व्हिसिंगच्या नोंदींत तारखांबरोबर किलोमीटरही क्रमाने वाढत गेले आहेत का, ते आधी पाहावे. टायरच्या कडेवरील चार अंकी उत्पादन-संकेत फार बोलका असतो. उदाहरणार्थ, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जेमतेम १५,००० किलोमीटर चालल्याचे सांगितलेल्या गाडीचे चारही टायर तिच्यापेक्षा बरेच नवे असतील, तर त्याचे कारण विचारायलाच हवे. पेडलवरचे रबर आणि स्टिअरिंगची झीज सहसा खोटे बोलत नाही, अर्थात विक्रेत्याने तेही बदलले नसेल तर. चासीवरील क्रमांक, जो बहुतेक गाड्यांवर १७ अक्षर-अंकांचा असतो, तो कागदपत्रांशी स्वतः ताडून पाहावा. आपण पोहोचण्याआधी इंजिन सुरू करू नये असे विक्रेत्याला आवर्जून सांगावे, कारण थंड इंजिन सुरू होतानाच धुराचे आणि आवाजाचे अनेक दोष उघडे पडतात. गाडी न दाखवताच आगाऊ रक्कम मागणाऱ्याशी बोलणे तेथेच थांबवावे.