नायकाचा पाय विसरू नकोस

तुझ्या कादंबरीची पहिली प्रकरणं वाचली. सुरुंगात गुडघ्याखालचा पाय गेलेला फौजी ग्वाल्हेरला, जनकगंजातल्या घरी परततो आणि शेजारच्या मास्तरांवर त्याचा जीव जडतो. फार मनापासून लिहिलंयस. पण दुसऱ्या प्रकरणानंतर त्याचा पाय तू विसरूनच गेलास!

जूनच्या ग्वाल्हेरी उन्हात कृत्रिम पायाच्या सॉकेटमध्ये, म्हणजे उरलेला पाय बसतो त्या खोबणीत, घाम साचतो, कातडी सोलवटते. रात्री पाय काढायचा, उरलेला भाग धुऊन कोरडा करायचा, कुठे लाल झालंय का ते आरशात बघायचं. नसलेल्या पावलातही कळा येतात. हे सगळं त्याला मास्तरांसमोर पहिल्यांदा करू दे. मास्तरांनी हळहळू नये, नुसता टॉवेल पुढे करावा. माझ्या मते तुझ्या कथेतला खरा प्रणयप्रसंग हाच.

पोलिसांची भीती मात्र काढून टाक. कथा २०२१ची आहे. सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८मध्येच गुन्ह्यातून वगळले. धाक आहे तो घरचा: आईने आणलेली स्थळं, आत्याच्या चौकशा. तिथे रेंगाळ. आणि शेवटी त्यांचं कायदेशीर लग्न लावू नकोस, २०२३मध्येही न्यायालयाने तशा विवाहाला मान्यता दिलेली नाही. एकाच घरात दोघांचा संसार दाखव, तो मला वाचायचाय.