उताराला थिजणाऱ्या पायांसाठी

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी सांगलीची, वय ४३, बँकेत नोकरी. पाच वर्षं झाली, पहाटे कृष्णाकाठी आणि आयर्विन पुलावरून पळते. गेल्या वर्षी साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २ तास ५१ मिनिटांत पुरी केली. तेव्हापासून डोंगराची ओढ लागली आणि डिसेंबरातल्या एका पायवाटेवरच्या शर्यतीत नाव घातलं. अंतर २५ किलोमीटर, चढाई साधारण १००० मीटर. सरावाला मैत्रिणींबरोबर दंडोबाच्या डोंगरावर गेले आणि उतरताना मुरमावरून पाय सटकून पडले. तळहात सोलला, बाकी काही नाही. पण आता उतार दिसला की पाय जागीच थिजतात. बसून, हात टेकत उतरते. चढाला सगळ्यांच्या पुढे आणि उताराला सगळ्यांच्या मागे, अशी गत झाली आहे. सांगलीत तर चढउतारच नाहीत. तीन महिने उरलेत. कशी तयारी करू? बूट कोणते घेऊ? की नाव काढून घेऊ?

उत्तर : ताई, नाव काढू नका. डोंगरावर पळू पाहणाऱ्यांची पत्रं येतात त्यांतली बहुतेक दम लागण्याची असतात. तुमचा दम तयार आहे, साताऱ्याच्या शर्यतीत यवतेश्वरचा घाट पळत चढून आलात म्हणजे त्याची परीक्षा झालीच. पण तो रस्ता डांबरी. तिथे पाऊल कुठे टाकायचं याचा विचार करावा लागत नाही. पायवाटेवर दर पावलाला तो करावा लागतो, आणि उतारावर तो करायला वेळ मिळत नाही. म्हणून तीन महिन्यांची तयारी उतारासाठी करा, चढ त्यात आपसूक येईल.

आधी भीतीचं बोलू, कारण ती मलाही माहीत आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात जरंडेश्वराच्या डोंगरावरून उतरताना मी पडले आणि डाव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. हात बरा झाला, पण पुढचे चार महिने मी गडावर चालत जायचे आणि उतरताना कुणाच्या तरी दुचाकीवर बसून यायचे. शाळेत सत्तावीस वर्षं मुलांना कवायत शिकवलेली मी, आणि पन्नास पावलांचा उतार मला उतरवेना. शेवटी एका रविवारी त्याच जागी परत गेले. पळायला नाही, नुसती चालायला. तो तुकडा असेल चाळीसेक पावलांचा. वर जायचं, खाली यायचं, तोंडाने मोठ्याने "एक-दोन-तीन-चार", कवायतीला घालते तशी. सहा वेळा केलं. पुढच्या रविवारी पुन्हा सहा वेळा, मोजणी थोडी जलद. पाचव्या रविवारी लक्षात आलं की मी पळत उतरले होते आणि मोजायचं विसरले होते.

तुम्हीही तसंच करा. दंडोबावरची तीच जागा शोधा. सोबत कुणीतरी असू दे, पण पुढे जाऊन तुमची वाट बघत उभं राहणारं नको, मागे राहणारं हवं. पुढे थांबलेल्या माणसाकडे बघून आपण घाई करतो.

आता पाय का सटकतो ते. घाबरलं की माणूस मागे झुकतो. मागे झुकलं की गुडघा ताठ होतो, पाऊल शरीराच्या बरंच पुढे पडतं आणि सगळा भार टाचेच्या कडेवर येतो. खाली सुटा मुरूम असेल तर तो गोट्यांसारखा फिरतो आणि पाय निघून जातो. म्हणजे पडायच्या भीतीने आपण जे करतो त्यानेच पडतो. उपाय अंगाला उलटा वाटेल, पण तोच खरा : घोट्यातून किंचित पुढे झुका, गुडघे सैल ठेवा, पावलं लहान आणि भराभर टाका, पाऊल कमरेखालीच पडू द्या. हात कोपरातून बाहेर, कोंबडी पंख फाकवते तसे. नजर बुटाच्या टोकावर नको, तीन-चार मीटर पुढे. जिथे पाय पडणार ती जागा डोळ्यांनी आधीच बघितलेली असते, पाय ती लक्षात ठेवतात. हे पहिल्या दिवशी पटत नाही. दहाव्या दिवशी पटतं.

उताराला मांड्या का भरून येतात, हेही समजून घ्या. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तो भार धरून ठेवतो आणि त्याच वेळी ताणलाही जातो. असं काम त्याला सवयीचं नसलं तर त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. पण एकदा उतार पचवला की तोच उतार दोन आठवड्यांनी पुन्हा केला तर दुखणं पुष्कळ कमी होतं, आणि ही राखण काही आठवडे टिकते. म्हणून शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन ते तीन आठवडे आधी करून ठेवा. शर्यतीच्या आठवड्यात हौसेने डोंगर चढायला जाऊ नका.

सांगलीत चढउतार नाही म्हणता, पण जिने आहेत. तुमच्या बँकेचा किंवा सोसायटीचा जिना चढा, आणि त्याहून लक्ष देऊन उतरा. कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या आहेत. नदी वर असली किंवा पायऱ्या ओल्या, गाळाच्या असल्या तर मात्र तो बेत नको. घरात एका पायरीवर उभं राहून एक पाय सावकाश, तीन आकडे मोजत खाली टेकवायचा आणि पुन्हा वर घ्यायचा, दर पायाला दहा वेळा, आठवड्यातून तीन दिवस. गुडघा आत वळू द्यायचा नाही. दात घासताना एका पायावर उभं राहा, जमलं की डोळे मिटून. घोट्याला यासारखा गुरू नाही. आणि बैठका. आपल्या साताऱ्या-सांगलीच्या तालमींतून पिढ्यान्‌पिढ्या जोर-बैठका काढल्या जातात. डोंगरासाठी मी सांगेन असा पहिला व्यायाम तोच, त्याला यंत्र लागत नाही. वीस-वीसच्या तीन फेऱ्यांपासून सुरू करा.

रविवार डोंगरासाठी ठेवा. एका रविवारी दंडोबा, एका रविवारी सपाटीवरच पण शेताच्या बांधांवरून, मातीतून. महिन्यातून एकदा साताऱ्याला या. अजिंक्यतारा शहरापासून साधारण ३०० मीटर उंच आहे. तुमची १००० मीटर चढाई म्हणजे हा गड तीनदा चढून थोडं वर. एका सकाळी दोनदा चढा-उतरा, म्हणजे शर्यतीचा अंदाज अंगाला येईल. किलोमीटर मोजू नका, तास मोजा. तुम्हाला २५ किलोमीटरला साडेचार-पाच तास लागतील असं धरून चाला आणि तेवढा वेळ पायांवर राहायची सवय करा. तीव्र चढ चाला, हात गुडघ्यावर रोवून चाला. चांगले चांगले पळणारे चढ चालतात, त्यात कमीपणा नाही.

बूट. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं एकदा काळी होऊन गळाली ती बुटापायी. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बूट पळून सैल होतो, अर्धा नंबर लहानच घ्या." मी ऐकलं. बूट लांबीला सैल होत नाही, आणि उतारावर दर पावलाला बोटं पुढे जाऊन आदळतात. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पळायचे मोजे बरोबर न्या. उभं राहून अंगठ्यापुढे आडव्या बोटाएवढी जागा हवी. दुकानात एखादी उतरण असेल तर त्यावरून उतरून बघा, नसेल तर पायरीवर टाच टेकवून पाय पुढे ढकला. अंगठा टेकला तर बूट परत करा. तळाला चार-पाच मिलिमीटर खोल नक्षी हवी, म्हणजे मुरमात आणि मातीत रुतते. रस्त्यावरच्या तुमच्या बुटांचा तळ गुळगुळीत असणार, दंडोबावर निम्मं काम त्यानेच बिघडवलं. नाडी वरच्या शेवटच्या भोकातून ओवून टाच मागे बसेल अशी बांधा. नखं शर्यतीच्या दोन-तीन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नाही. सुती मोजे नकोत, ते घाम धरतात आणि फोड येतात. आणि एक लक्षात ठेवा : शेवाळलेल्या ओल्या कातळावर कुठलाच महाग बूट धरत नाही. तिथे चालायचंच.

बाकी सामान थोडं. पाठीला घट्ट बसणारी पळायची पिशवी, त्यात दीड लिटर पाणी. शिट्टी, मदत हवी असेल तर मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबून पुन्हा. क्रेप बँडेज, पातळ विंडचीटर, चार्ज केलेला फोन प्लास्टिकच्या पिशवीत. पहाटे निघणार असाल तर डोक्याला लावायची बॅटरी. अंगाला घट्ट बसणारी स्पोर्ट्‌स ब्रा नवी असेल तर आधी दोन लांब फेऱ्यांना घालून बघा. जिथे शिवण घासते तिथे व्हॅसलीन लावा. पाळीची तारीख शर्यतीच्या आसपास येत असेल तर त्या दिवसांत सरावही करून ठेवा, म्हणजे ऐनवेळी धास्ती नको. आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्या वयाच्या कितीतरी बायका ते कमी असताना मनाला दोष देत राहतात.

खाणं : तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. एक मध्यम केळं म्हणजे साधारण २५ ग्रॅम. मी खजूर, राजगिऱ्याचा लाडू आणि गुळाचे खडे नेते. उन्हात घाम फार येत असेल तर घरची साखर-मीठ-पाण्याची बाटली बरोबर घ्या : एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. तहान लागेल तसं प्या. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि तेही जिवावर बेतू शकतं.

एक वाईट तास येईलच, बहुधा सतराव्या-अठराव्या किलोमीटरच्या सुमारास. त्या तासासाठी आत्ताच ठरवून ठेवा : खायचं, प्यायचं, पाच मिनिटं चालायचं, आणि मगच पुढचा विचार करायचा. चालता चालता सोडून देण्याचा निर्णय घ्यायचा नाही. पण चक्कर, विजा, किंवा चालच बदलेल इतकी घोटेदुखी, यांतलं काही झालं तर लगेच थांबायचं. हेही घरीच ठरवून ठेवा, नाहीतर तिथे मन स्वतःशी वाद घालत बसतं. अंतिम रेषेचा विचार नको, पुढच्या पाणी-केंद्राचा करा.

सरावासाठी कासला यायचा बेत केलात तर फुलांच्या मोसमात पठारावर पळू नका. पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत २०१२ साली ते आलं, पण त्याआधीही ते तितकंच नाजूक होतं. जांभ्याच्या खडकावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नाही. एका बुटाने उखडलेलं तिथे सहज भरून येत नाही.

प्रश्न : मॅडम, मी कोरेगाव तालुक्यातला, वय १९. पोलीस भरतीची तयारी करतोय. डोंगरावर पळून पाय मजबूत होतात असं ऐकून रोज जरंडेश्वरावर जातो. आता नडगी दुखते. चालू ठेवू का?

उत्तर : बाळा, दुखणं कुठे आहे ते बघ. नडगीच्या हाडावरून बोट फिरव. लांबवर, पसरट दुखत असेल तर दोन आठवडे डोंगर बंद, पळणं निम्म्यावर आणि बूट बदल. एकाच ठिकाणी, बोटाच्या पेराएवढ्या जागेत दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर पळणं आजच बंद कर आणि हाडाच्या डॉक्टरांना दाखव. हाडाला चीर गेलेली असू शकते आणि त्यावर पळून भरती कायमची हुकलेली मुलं मी बघितली आहेत. तुझी परीक्षा १६०० मीटरची आहे, तिला वेग लागतो. डोंगर आठवड्यातून एकदाच, तोही दुखणं थांबल्यावर; बाकी दिवस मैदान. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओला ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत पळून दहावी आली. आपल्याच जिल्ह्यातली पोर, हे मनाशी असू दे, पण तिच्याएवढी घाई पहिल्या वर्षी करू नकोस.

प्रश्न : वय ५८, वाई. रक्तदाबाची गोळी रोज सुरू आहे. निवृत्तीनंतर डोंगरावर पळायला लागावं असं मनात आहे. घरून विरोध आहे. या वयात हे करावं का?

उत्तर : दादा, करावं, पण आधी डॉक्टरांकडे जा आणि "मला डोंगर चढायचा आहे" या शब्दांत सांगा. नुसतं "फिरायला जातो" म्हणालात तर ते मान डोलवतील. ईसीजी आणि त्यांना वाटलं तर ट्रेडमिलवरची तपासणी करून घ्या. गोळी कोणत्या जातीची आहे ते विचारा. काही गोळ्यांनी हृदयाचे ठोके फारसे वाढत नाहीत, मग मनगटावरच्या घड्याळाचे आकडे फसवतात. तुमच्यासाठी खूण एकच, चढताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, उन्हाळ्यात त्यांचा त्रास जाणवतो. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, आणि अंग दुखतं म्हणून पळायच्या दिवशी वेदनाशामक घेऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो. पहिले तीन महिने फक्त चाला. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, गरगरणं, असं काहीही झालं तर बसा आणि १०८ ला फोन लावा.

घरच्यांचा विरोध काळजीतून आहे, त्यांना त्यात घ्या. एका रविवारी दोघं साताऱ्याला या. अजिंक्यताऱ्याच्या दरवाज्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. वहिनी गाडीने वर येतील, तुम्ही पायी या. पाण्याची दुसरी बाटली त्यांच्याकडे द्या.