वाचकांचे प्रश्न : ताहोचे पाणी इतके नितळ कसे, आणि त्यात मासे कमी का?

प्रश्न : मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेलो असताना आम्ही ताहो सरोवर पाहिले. काठाजवळ नावेतून तळाचे दगड स्पष्ट दिसत होते, पण मासा एकही दिसला नाही. तरीही सरोवराची नितळता घटत असल्याचे तिथे सर्वजण सांगत होते. इतके स्वच्छ पाणी बिघडते आहे ते कसे? आणि मासे न दिसणे हे त्याचेच लक्षण समजायचे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मासे न दिसणे हे बिघाडाचे लक्षण नाही. ताहो मुळातच अल्पपोषी, म्हणजे पोषक द्रव्ये कमी असलेले, सरोवर आहे. त्याची कमाल खोली सुमारे 501 मीटर, सरासरी खोली 300 मीटरच्या आसपास. भोवतीचे डोंगर बहुतांशी ग्रॅनाइटचे असून पाणलोट क्षेत्राचा एक तृतीयांशाहून अधिक भाग खुद्द सरोवरानेच व्यापला आहे. त्यामुळे पावसाचे आणि बर्फाचे बरेचसे पाणी मातीला न शिवता थेट सरोवरात पडते आणि नायट्रोजन, फॉस्फरस ही शैवालाची खाद्ये फारच थोडी येतात. शैवाल कमी म्हणून त्यावर जगणारे सूक्ष्म प्राणी कमी, आणि ते कमी म्हणून मासेही विरळ. ज्या कारणाने आपल्याला तळ दिसला, त्याच कारणाने मासा दिसला नाही. शिवाय येथील मोठे ट्राउट थंड, प्राणवायूने भरलेल्या खोल पाण्यात राहणे पसंत करतात.

नितळता मोजण्याची पद्धत अगदी साधी आहे. पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडतात आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवतात. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे शास्त्रज्ञ 1968 पासून हे मोजमाप सातत्याने करत आहेत; त्याची सुरुवात चार्ल्स गोल्डमन यांनी केली. पहिल्या वर्षीची सरासरी सुमारे 31 मीटर होती, तर दीर्घ दुष्काळानंतर अतिवृष्टीचा हिवाळा आलेल्या 2017 मध्ये ती 18 मीटरपर्यंत घसरली. आपल्याकडच्या गढूळ जलाशयांच्या तुलनेत 18 मीटर हीसुद्धा डोळे दिपवणारी नितळता आहे, म्हणूनच हा बदल प्रवाशाच्या नजरेला जाणवत नाही.

मैलापाण्याचा संशय आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण काठावरच्या गावांचे सांडपाणी 1970 च्या दशकापासून पाणलोटाबाहेर वाहून नेले जाते. खरा अपराधी आहे तो अतिबारीक गाळ. 16 मायक्रॉनपेक्षाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असलेले हे कण महिनोन्‌महिने तरंगत राहतात आणि प्रकाश विखुरतात. त्यांतील बहुतेक कण रस्ते, वाहनतळ आणि बांधकामे यांवरून वाहून येतात. हिवाळ्यात गाड्या घसरू नयेत म्हणून रस्त्यावर टाकलेल्या वाळूचे चाकांखाली पीठ होते, ते वेगळेच. हा गाळ अडवून धरणाऱ्या दक्षिण काठच्या दलदलीचा मोठा भाग 1960 च्या दशकात वसाहतीसाठी खोदून काढला गेला, आणि माझ्या मते ताहोच्या बाबतीत झालेली ही सर्वांत महाग पडलेली चूक आहे. सरोवरात आलेले पाणी बाहेर पडायला सरासरी 650 वर्षे लागतात. एवढ्या संथ सरोवरात जे आत गेले ते पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहते.

मासे पाहायचेच असतील तर पुढच्या वेळी ऑक्टोबरात जावे. दक्षिण काठाच्या टेलर ओढ्यात त्या वेळी लालभडक झालेले कोकनी साल्मन अंडी घालायला चढतात, आणि ओढ्याच्या पातळीखाली बांधलेल्या दालनाच्या काचेतून ते अगदी जवळून दिसतात.

प्रश्न : आमच्याकडे तलावांत दरवर्षी रोहू, कटला यांची बोटुकली सोडतात आणि चांगले उत्पादन मिळते. ताहोसारख्या मोठ्या सरोवरात बाहेरून मासे सोडले तर काय बिघडेल?
— एक वाचिका, भंडारा

उत्तर : तिथे तेच केले गेले. आपल्या तलावांत शेणखताने वाढलेले मुबलक प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, असते, म्हणून बोटुकलीला खाद्य मिळते. ताहोत खाद्यच तोकडे. त्यामुळे आलेला प्रत्येक नवा जीव कुणाच्या तरी ताटातले काढून घेतो.

लाहोन्टन कटथ्रोट हा येथील मूळचा मोठा ट्राउट, या भागातील मूळनिवासी वाशो लोकांच्या आहाराचा एक आधार. खाणींसाठी झालेल्या वृक्षतोडीने अंडी घालण्याचे ओढे गाळाने भरले, सरोवरातून निघणाऱ्या ट्रकी नदीवर बांध आले, बाजारासाठी बेसुमार मासेमारी झाली, आणि त्यातच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाहेरून आणलेला मॅकिनॉ ट्राउट त्याची पिल्ले खाऊ लागला. 1930 चे दशक संपेपर्यंत कटथ्रोट ताहोतून नाहीसा झाला.

पुढे माशांना खाद्य हवे म्हणून 1963 ते 1965 या काळात मायसिस ही बोटाच्या पेराएवढी कोळंबी सोडण्यात आली. हेतू चांगलाच होता. परंतु मायसिस दिवसा तळाशी अंधारात बसते आणि रात्री वर येऊन चरते, तर नजरेने शिकार करणारा कोकनी दिवसा खातो. दोघांची गाठच पडत नाही. उलट कोकनीचे खाद्य असलेल्या जलपिसवा, म्हणजे डॅफ्निया, मायसिसनेच फस्त केल्या आणि 1971 च्या सुमारास त्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या. जलपिसवा पाण्यातील शैवाल आणि बारीक कण गाळून खातात, त्यामुळे माशांबरोबर पाण्याचेही नुकसान झाले. याची उलट बाजूही पाहायला मिळाली. मायसिसची संख्या कोसळल्यावर जलपिसवा परतल्या, आणि 2022 च्या शेवटच्या 5 महिन्यांत नितळतेची सरासरी 24 मीटरच्या वर गेली. ती टिकली मात्र नाही.

कटथ्रोटची कथा तिथेच संपलेली नाही. नेवाडा-युटा सीमेवरील पायलट पीक डोंगराच्या एका लहानशा ओढ्यात कुणीतरी पूर्वी सोडलेले ट्राउट सापडले, आणि जनुकीय तपासणीत ते ट्रकी नदीच्या खोऱ्यातील मूळ कटथ्रोट वंशाचे निघाले. त्यांची पैदास करून हे मासे आता ताहोत पुन्हा सोडले जात आहेत, आणि ज्याने त्यांची पिल्ले खाल्ली तो मॅकिनॉ अजून त्याच पाण्यात आहे.