ट्यूब संपली की गजकर्ण परत

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझे मिस्टर सातपूरच्या कारखान्यात दिवसभर मशीनपुढे उभे असतात. मागच्या पावसाळ्यापासून त्यांच्या जांघेत आणि कमरेला गजकर्ण आहे. मेडिकलमधून ट्यूब आणली की चार दिवस बरं वाटतं, थांबवली की दुप्पट वाढतं. दोन डॉक्टर झाले, पाच-सहा हजार गेले. आता माझ्या पोटावर आणि लहान मुलीच्या मानेवरही चट्टे उठलेत. औषध लागूच का पडत नाही?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, 'चार दिवस बरं वाटतं' इथेच खरी गोम आहे. ती ट्यूब उजेडात धरून मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं, तर त्यात स्टिरॉइड आहे. त्याने खाज आणि लाली दबते. पण गजकर्ण ज्या बुरशीमुळे होतं, ती जिवंत राहते, पसरते. चट्ट्याची कडा पुसट होते, त्यामुळे पुढच्या डॉक्टरलाही ओळखणं जड जातं. जांघेतली कातडी नाजूक, तिथे कायमचे वळ पडतात. 2018 साली अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम झाला. तरी ती सर्रास मिळतात, याचा मला मनापासून राग येतो.

दुसरं कारण खुद्द बुरशीत आहे. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही जात आपल्या देशात फार पसरली आहे. टर्बिनाफिन हे औषध बुरशीच्या ज्या एन्झाइमला अडवतं, ते एन्झाइमच या जातीत बऱ्याचदा बदललेलं असतं. मग गोळी नेमाने घेऊनही गुण येत नाही. अशा वेळी बहुतेकदा इट्राकोनाझोल द्यावं लागतं, तेही सहा-आठ आठवडे, कधी त्याहून जास्त. खर्च वाढतो तो इथे. म्हणूनच ती कॅप्सूल वाया जाऊ देऊ नका : जेवण झाल्या झाल्या घ्यायची आणि सोबत ॲसिडिटीची गोळी नको, नाहीतर ती अंगात नीट शोषली जात नाही. हृदयाचा किंवा लिव्हरचा त्रास असेल, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल, किंवा तुम्हाला दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना आधी सांगा.

तिसरी ट्यूब घेण्याआधी तपासणी करून घ्या. चट्ट्याच्या कडेची खपली खरवडून मायक्रोस्कोपखाली पाहतात. ही तपासणी महाग नसते. पैशांची ओढ असेल तर सिव्हिलमध्ये दाखवा. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या.

तिघांचा उपचार एकाच वेळी सुरू करा. घरात सासूबाई किंवा आणखी कुणी असतील तर त्यांनाही विचारा. बायका लाजेने जांघेतलं सांगत नाहीत, आणि त्यांच्याकडून ते परत सगळ्यांना होतं. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. मिस्टरांनी घामाची पँट आणि आतले कपडे घरी आल्या आल्या बदलावेत. ते गरम पाण्यात वेगळे धुवा, उलटे करून उन्हात वाळवा. पावसाळ्यात घरातल्या दोरीवर ओलसर राहिले, तर घालण्याआधी इस्त्री फिरवा.

चट्टे गेले की लगेच औषध सोडू नका. किती दिवस पुढे चालवायचं ते डॉक्टर सांगतील. आणि मुलीच्या मानेला मिस्टरांची ट्यूब अजिबात लावू नका. तिच्या वयाचं, वजनाचं औषध वेगळं असतं, तिला स्वतंत्र दाखवा.