जेटीवरच्या पहिल्या रात्रपाळीआधी

रत्नागिरीजवळच्या जेटीवर आपण पुढच्या आठवड्यापासून रात्रपाळीला उभे राहणार आहात, म्हणून माझ्या अनुभवातले मोजकेच सांगतो. नवा रक्षक सर्वांत मोठी चूक करतो ती ही, की डिझेलचा डबा उचलणारा माणूस दिसताच तो एकटाच त्याच्या मागे धावतो. आपल्या हाती फक्त काठी असते आणि समोरच्याकडे कोयता आहे की नाही, हे अंधारात कळत नाही. त्यामुळे अंतर राखा, शिट्टी वाजवा, 112 वर फोन करा आणि त्याचे वर्णन लक्षात ठेवा. डिझेल पुन्हा भरता येते.

दुसरी गोष्ट साहित्याची. बॅटरी, रेनकोट आणि पकड असलेले बूट पहिल्याच दिवशी लेखी मागा व अर्जाची पोच घ्या. माझ्या पहिल्या पावसाळ्यात ठेकेदाराने दिलेल्या बुटांचे तळ झिजून गुळगुळीत झाले होते. भरतीनंतर शेवाळलेल्या पायरीवरून घसरून माझे मनगट मोडले आणि बूट मागितल्याचा कागद नसल्याने उपचाराचा खर्च माझ्याच माथी आला. मागायला संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे; तरीही मागाच.

खाजगी सुरक्षा एजन्सींच्या 2005 च्या कायद्याप्रमाणे रक्षकाला प्रशिक्षण मिळालेच पाहिजे, तेव्हा त्याचीही विचारणा करा. रक्षक मंडळाची, म्हणजे सुरक्षा रक्षकांसाठीच्या सरकारी मंडळाकडची नोंदणी, भविष्य निर्वाह निधी हे सारे नंतर पाहू. पहिल्या दिवशी मात्र उजेड असतानाच पोहोचा आणि कोणते दिवे बंद आहेत, कोणत्या पायऱ्या निसरड्या आहेत, ते स्वतः चालून पाहा.